अरण्यांतील प्रवासी आंरी मूओ

कंबोडिया देशाच्या ध्वजावर एका मंदिराचें चित्र आहे. तें अंकोर वाट नांवाच्या महामंदिराचें होय. ज्या फ्रेंच गृहस्थाच्या रोजनिशीमुळें ह्या मंदिराची कीर्ति युरोपांत पसरली, त्या आंरी मूओचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. मूओनें अंकोरचा शोध लावला, असें कित्येक पुस्तकांत लिहिलेलें आढळतें, आणि आम्हींही अनेक वर्षें वर्गांत तसेंच शिकविलें. तें बरोबर नव्हतें. परंतु शोधाचें श्रेय त्याजकडून काढून घेतलें तरी ह्या पुरुषापाशीं पुष्कळ शिल्लक राहतें. आणि जें शिल्लक राहतें तेंच आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

आंरी मूओ ह्याचा जन्म १५ मे १८२६ रोजीं फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळील मोंबेलियार ह्या गांवीं झाला. ऐन तारुण्यांत तो रशियांत गेला व तेथें भाषाशिक्षक म्हणून सुमारें दहा वर्षें राहिला. म्हणजे तो मूळचा आमच्याच पेशांतला! त्या काळीं छायाचित्रणाची कला नुकतीच निघाली होती. तीही त्यानें हौसेनें आत्मसात केली. पुढें क्रिमियाचें युद्ध पेटून फ्रान्स व रशिया ह्यांचें वैर जुंपलें, तेव्हां त्यास तो देश सोडावा लागला. आपला भाऊ शार्ल ह्याजबरोबर त्यानें युरोपांत प्रवास केला. आफ्रिकेंतील नायजर नदीचा सुप्रसिद्ध प्रवासी मंगो पार्क ह्याच्या कुळांतील मुलींशीं ह्या दोघां भावांचे विवाह झाले, आणि १८५६ सालीं मूओ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील जर्सी बेटावर राहावयास आला.

तेथें त्याचा काळ प्राणिशास्त्राच्या अभ्यासांत सुखानें जात होता. अशांत सर जॉन बाउरिंग ह्यांनीं सयाम देशाविषयीं लिहिलेला व १८५७ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्याच्या वाचनांत आला. त्या देशाच्या अरण्यांत शास्त्रास अज्ञात असे किती पक्षी, किती कीटक, किती शंखशिंपले असतील, ह्या विचारानें त्यास चैन पडेना. लंडन येथील भूगोलसंस्थेनें व प्राणिशास्त्रसंस्थेनें त्याच्या बेतास उत्तेजन दिलें, आणि २७ एप्रिल १८५८ रोजीं तो लंडनहून जहाजानें निघाला. १२ सप्टेंबर रोजीं तो बँकॉक येथें पोहोंचला. तेव्हां त्याचें वय बत्तीस वर्षांचें होतें, आणि आयुष्याचीं अवघीं तीन वर्षें उरलीं होतीं.

हीं तीन वर्षें त्यानें कशीं घालविलीं तें पाहूं. बँकॉकहून त्यानें चार सफरी केल्या. कधीं होडींतून, कधीं बैलगाडींतून, कधीं हत्तीच्या पाठीवर, तर कधीं पायीं असा त्याचा प्रवास चाले. बरोबर बंदूक, टांचण्या, पेट्या, चित्रें काढण्याचें साहित्य व रोजनिशी. सोबतीस दोन-तीन नोकर आणि तिन-तिन नांवाचें एक लहानसें लाडकें कुत्रें. एवढाच त्याचा लवाजमा. दिवसा नमुने गोळा करावयाचे, ते सोलून, वाळवून, टांचून ठेवावयाचे, आणि रात्रीं शेकोटीच्या उजेडांत लिहीत बसावयाचें, असा त्याचा नेम असे.

अरण्य हें लांबून जितकें रम्य दिसतें तितकें जवळून नसतें. वाघ व बिबटे ह्यांच्या भयानें रात्रभर जाळ पेटता ठेवावा लागे. परंतु खरा छळ लहान प्राण्यांचाच होई. पावसाळ्यांत पानापानावरून जळवा अंगास चिकटत. डांसांच्या थव्यांनीं हातापायांस सूज येई. विंचू, गोम व साप ह्यांच्या भीतीनें जपून पाऊल टाकावें लागे. तरीही मूओ त्या सृष्टीवर रागावला नाहीं. चांताबुरीजवळच्या खाडीकांठची त्यानें लिहून ठेवलेली हकीकत आमच्या बालवाचकांस आवडेल. मगर पाण्याबाहेर डोकें काढून पडलेली दिसली म्हणजे माकडें जमतात, एकमेकांस धरून फांदीवरून साखळीसारखीं लोंबकळतात, आणि सर्वांत खालचें माकड मगरीस चापट मारून निसटतें. एखादे वेळीं जबडा नेमका मिटतो, एक माकड नाहींसें होतें, आणि बाकीचीं आक्रोश करीत पांगतात. परंतु थोड्याच काळानें तोच खेळ पुन्हां सुरू होतो! हें लिहितांना मूओस हंसूं आलें असेल, आणि वाचतांना आपल्या कांहीं विद्यार्थ्यांची आठवण होऊन आम्हांसही तें आवरलें नाहीं.

दुसऱ्या सफरींत तो कंबोडियांत शिरला. पूर्वेकडील अरण्यांत स्तिएंग नांवाच्या वन्य लोकांत तो कांहीं महिने राहिला. त्यानंतर तोनले साप हें विस्तीर्ण सरोवर ओलांडून तो बात्तांबांग येथें आला, आणि तेथून एका फ्रेंच मिशनरी पाद्र्याच्या सोबतीनें १८६० च्या जानेवारींत अंकोर येथें पोहोंचला. हा प्रदेश त्या वेळीं सयामच्या ताब्यांत होता.

अंकोर हा शब्द आपल्या ओळखीच्या नगर ह्या संस्कृत शब्दाचाच अपभ्रंश आहे. ख्मेर राजांची ही राजधानी. अंकोर वाट हें मंदिर दुसऱ्या सूर्यवर्मा राजानें १२ व्या शतकांत विष्णूसाठीं बांधिलें, व पुढें तें बौद्धांचें झालें. सभोंवती सुमारें १९० मीटर रुंदीचा खंदक, आणि मधोमध सुमारें ६५ मीटर उंचीचें शिखर. आंतील लांबच लांब भिंतींवर कुरुक्षेत्रावरील युद्ध, रामरावणांचा संग्राम व समुद्रमंथन हे प्रसंग कोरलेले आहेत. महाराष्ट्रांतून कोणी तेथें गेला, तर त्यास त्या शिल्पांतील कथा कोणी समजावून सांगावयास नको.

मूओ तेथें सुमारें तीन आठवडे राहिला. वृक्षांचीं मुळें भिंतींत शिरून दगड उकलीत होतीं, छतांवर झाडें वाढलीं होतीं, आणि अंधाऱ्या दालनांत वटवाघळांची वस्ती होती. तो कीटकांसाठीं निघालेला मनुष्य. शिल्पशास्त्र तो शिकला नव्हता. परंतु आपणांस हा विषय येत नाहीं, असें म्हणून तो पुढें चालता झाला नाहीं. ज्या चिकाटीनें तो भुंगेऱ्याचे पाय व पंख निरखी, त्याच चिकाटीनें त्यानें खांब मोजले, अंतरें मापिलीं, चित्रें काढलीं. ग्रीस व रोम ह्यांच्या उत्तम कृतींपेक्षांही हें काम सरस आहे, असा त्यानें अभिप्राय दिला. एका युरोपियनानें त्या काळीं एवढें मोकळ्या मनानें म्हणावें, हें लहान नव्हे.

त्याची चूकही येथेंच सांगितली पाहिजे. ह्या अवशेषांपैकीं कांहीं भाग दोन हजार वर्षांपूर्वींचे असावेत, असें त्यास वाटलें. समोरचे गरीब गांवकरी आणि तें प्रचंड बांधकाम ह्यांचा मेळ त्यास घालतां येईना. पुढें तेथील संस्कृत व ख्मेर शिलालेख वाचले गेले, तेव्हां काळ ठरला, आणि हें सर्व त्याच ख्मेर लोकांच्या पूर्वजांनीं उभारिलें हें निर्विवाद झालें. दारिद्र्य पाहून एखाद्या लोकसमाजाची योग्यता ठरवूं नये, हा धडा त्याच्या चुकीनें आपणांस दिला आहे.

आतां शोधाची गोष्ट. अंकोर हरवलें होतें कोणास? अंकोर वाट येथें बौद्ध भिक्षूंचा राबता कधींच पुरता बंद पडला नव्हता. जौ दागुआन ह्या चिनी गृहस्थानें १२९६-९७ सालीं ही राजधानी भर वैभवांत पाहून तिचें वर्णन लिहिलें. १६३२ सालीं आलेल्या एका जपानी यात्रेकरूचा लेख मंदिराच्या खांबावर आहे. अंतोनियु दा मादालेना हा पोर्तुगीज पाद्री १६ व्या शतकाच्या अखेरीस तेथें जाऊन आला, आणि त्यानें सांगितलेली हकीकत दियोगु दु कोउतु ह्या इतिहासकारानें आपल्या शेजारच्या गोव्यांत बसून लिहून ठेवली! तो मजकूर मात्र २० व्या शतकापर्यंत अप्रकाशितच राहिला. मूओच्या आधीं दहा वर्षें, १८५० सालीं, बुइव्हो नांवाचा फ्रेंच मिशनरीही तेथें जाऊन आला होता.

स्वतः मूओनें आपण शोध लावला असा दावा केला नाहीं. ती पदवी त्यास मरणोत्तर चिकटविण्यांत आली. १८६३ सालीं कंबोडिया फ्रान्सच्या संरक्षणाखालीं गेला व १९०७ सालीं अंकोरही सयामकडून फ्रान्सच्या सत्तेखालीं आलें. तेव्हां हरवलेलें नगर एका फ्रेंच मनुष्यास सांपडलें, ही कथा राज्यकर्त्यांस सोयीची होती. सोयीची कथा आणि खरी कथा ह्यांत भेद करावयास आमच्या विद्यार्थ्यांनीं शिकलें पाहिजे. आणि त्यांच्या शिक्षकांनींही.

शेवटची सफर लाओस देशाकडे. वाटेंत दोंग फाया फाय, म्हणजे अग्निराजाचें अरण्य, लागलें. तेथील ज्वराची लोकांस एवढी धास्ती होती कीं त्यांत शिरलेला परत येईल असा भरंवसा नसे. (पुढें त्याचें नांव बदलून शीतलराजाचें अरण्य असें ठेवण्यांत आलें, व आज तेथें राष्ट्रीय उद्यान आहे.) मूओ तें पार करून गेला, आणि २५ जुलै १८६१ रोजीं लुआंग प्राबांग येथें पोहोंचला. तेथील राजानें त्याचा आदर केला. परंतु १९ ऑक्टोबर रोजीं त्यास ज्वरानें गांठलें. रोजनिशींतील अक्षरें थोडीं थोडीं होत गेलीं. अखेरच्या नोंदींत देवाच्या दयेची याचना आहे. त्यापुढें पानें कोरीं आहेत. १० नोव्हेंबर १८६१ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, तो मरण पावला.

येथून पुढें ह्या चरित्रांत दोन नांवें आहेत, तीं आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नयेत: फ्राय आणि देंग. हे त्याचे नोकर. घरीं कांहीं लिहावयाचें आहे काय, असें ते आजारी धन्यास पुनःपुन्हां विचारीत होते. धनी गेल्यावर त्यांनीं त्यास नाम खान नदीच्या कांठीं मूठमाती दिली. आतां त्यांस कोण विचारणार होतें? बंदूक व सामान विकून ते आपल्या वाटेनें गेले असते, तर रोजनिशी वाळवीनें खाल्ली असती. पण त्या दोघांनीं कागद व नमुन्यांच्या पेट्या गोळा करून, तीच अरण्याची वाट तुडवून, तें सर्व बँकॉक येथें इमानानें पोहोंचविलें. पुढें तें भाऊ शार्ल व मूओची पत्नी ह्यांच्या हातीं आलें. १८६३ सालीं पॅरिसच्या एका प्रवासविषयक साप्ताहिकांत व १८६४ सालीं लंडन येथें दोन भागांत तो वृत्तांत चित्रांसह छापून निघाला. अंकोरची कीर्ति झाली ती ह्या पुस्तकानें. आणि हें पुस्तक झालें तें फ्राय व देंग ह्यांच्या इमानानें.

मेकाँग नदीच्या शोधास निघालेल्या फ्रेंच मंडळींनीं १८६७ सालीं मूओच्या समाधीवर स्मारक उभारिलें. तें नदीच्या पुरानें गेलें, म्हणून १८८७ सालीं दुसरें बांधण्यांत आलें. पुढें त्यासही रानानें वेढिलें, आणि १९९० च्या सुमारास तें पुन्हां सांपडलें. ज्यानें रानांतील भग्नावशेषांचें वर्णन केलें, त्याचीच समाधि रानानें झांकून टाकावी हें आश्चर्य! अंकोर मात्र १९९२ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे.

मूओ निघाला होता तो कीटकांसाठीं, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. त्याचें तें कामही व्यर्थ गेलें नाहीं. तांबूस झळाळीच्या कडा असलेला एक मोठा काळा भुंगेरा व पाठीवर उंच कणे असलेलें एक कांसव ह्यांच्या शास्त्रीय नांवांत १८६२ पासून मूओचें नांव आहे. अंकोरचा शोधक ही पदवी काळानें परत घेतली. भुंगेऱ्याच्या नांवांतील मान तसाच राहिला. कारण तो त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं व स्वतःच्या हातांनीं मिळविला होता.

विद्यार्थिमित्रहो, अंकोरसारखें नगर तुम्हांपैकीं कोणास सांपडेल असें नाहीं. परंतु जें समोर येईल तें नीट पाहणें, पाहिलें तेवढेंच लिहिणें, आणि दुसऱ्यानें विश्वासानें हातीं दिलेलें काम तो पाहावयास नसला तरी पोहोंचविणें, हें प्रत्येकास साधण्यासारखें आहे. पहिल्या दोन गोष्टी मूओपासून शिकाव्या, आणि तिसरी फ्राय व देंग ह्यांच्यापासून.