दगडूचं ऐकून घेणारे दया पवार

दगडू मारुती पवार, म्हणजेच आपले दया पवार, यांचा जन्म १९३५ साली अकोले तालुक्यातल्या धामणगावात एका महार कुटुंबात झाला. बालपण दोन ठिकाणी वाटलं गेलं: गावचा महारवाडा आणि मुंबईत नागपाड्याचा कावाखाना. गावात मेलेली ढोरं ओढायची, गावकीची कामं करायची आणि त्या बदल्यात दारोदार बलुतं मागायचं. मुंबईत कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काचा वेचून पोरं जगवायच्या. त्यात घरात वडिलांची दारू.

पुढे संगमनेरच्या बोर्डिंगात राहून ते शिकले. मुंबईत सरकारी नोकरी लागली, अंगावर इस्त्रीचे कपडे आले. पण आतला दगडू तसाच बसून होता. बाबासाहेबांच्या चळवळीनं मान ताठ करायला शिकवलं, तरी लहानपणी मनात रुतलेली लाज एका दिवसात जात नाही.

१९७४ साली ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला आणि १९७८ साली ‘ग्रंथाली’नं ‘बलुतं’ छापलं. या आत्मकथनाची मांडणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्यात शिकलेला दया पवार गप्प बसून ऐकतो आणि दगडू बोलतो. जे स्वतःच्या तोंडानं सांगवत नव्हतं, ते दगडूच्या तोंडून बाहेर आलं. अन्याय करणाऱ्या गावाला त्यांनी सोडलं नाही आणि स्वतःलाही सोडलं नाही. बायकोवर घेतलेला संशय, मोडलेला संसार, हेही त्यांनी लिहिलं.

त्याची किंमत मोजावी लागली. घरातली घाण चव्हाट्यावर मांडली म्हणून आपल्याच शिकल्यासवरल्या लोकांनी त्यांना बोल लावले. लिहून त्यांच्या सगळ्या जखमा भरल्या, असं आम्ही म्हणणार नाही. पण लाज कुणाची, हा प्रश्न त्यांनी उलटा फिरवला. ज्यानं सोसलं त्यानं मान खाली का घालावी? त्यांच्यामागून दलित आत्मकथनांची रांग लागली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० डिसेंबर १९९६ रोजी ते गेले.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसतं, की ज्याच्यावर सर्वात जास्त बेतलेलं असतं, तोच सर्वात कमी बोलतो. वसतिगृहात जातीवरून टोमणे खाणारा मुलगा, घरात मार खाणारी मुलगी, दोघंही हसून वेळ मारून नेतात. दुःख आहे हे आधी मान्य करा, असं तथागतांनी सांगितलं. वही हे त्यासाठीचं साधं साधन आहे. ‘मी’ लिहिणं जड जात असेल तर दगडूसारखं दुसरं नाव घ्या. छापायची घाई नको. कुणाला दाखवायचं आणि कधी, हे तुम्हीच ठरवा. लिहिताना जुनं सगळं अंगावर येऊ लागलं, झोप उडाली, तर पेन खाली ठेवा आणि विश्वासाच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

आणि ज्यांना लिहायचं नाही, त्यांनी निदान शेजारच्या दगडूचं ऐकून घ्यावं. मधे न बोलता.

जय भीम! नमो बुद्धाय!