मजूरमंत्री बाबासाहेब आणि हाताच्या हुन्नराचे शिक्षण

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरालासुद्धा पाठ आहे. महाडचे तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा ही नावे आपल्याकडे पाळण्यातल्या गाण्यापासूनच कानावर पडतात. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे जेव्हा कमिटीच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेले परत लिहायचे नाही असे आम्ही ठरविले. आम्ही गिरणी कामगार. आमचे निम्मे आयुष्य मशीनच्या आवाजात गेले. तेव्हा बाबासाहेबांच्या आयुष्यातली गिरणी, कारखाना आणि हाताला हुन्नर देणारे शिक्षण ही जी बाजू आहे, तीच आम्ही सांगणार आहोत. या बाजूवर भाषणे कमी होतात.

सुरुवात साताऱ्यापासून करू. 14 एप्रिल 1891 रोजी महूला जन्मलेले भीमराव लहानपणी साताऱ्यास राहात होते. आई भीमाबाई वारलेली, वडील सुभेदार रामजी नोकरीसाठी बाहेरगावी, घर आत्या मीराबाई सांभाळायच्या. साताऱ्याची काही पोरे मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागली आहेत असे भीमरावांच्या कानावर आले आणि आपणही मुंबईला पळून जाऊन गिरणीत लागायचे असे त्यांच्या मनाने घेतले. पण गाडीभाड्याला पैसे कुठले? आत्या कमरेला पैशाची पिशवी खोचून झोपत. तीन रात्री प्रयत्न फसला, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतात तर आत अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? तिथेच त्यांना स्वतःची लाज वाटली आणि उनाडकी सोडून मन लावून अभ्यास करायचे असे त्यांनी ठरविले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे.

आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रपाळीला होतो, आणि खरे सांगायचे तर आम्हांला झोप लागली नाही. त्या पिशवीत चार रुपये असते तर? तर आमच्यासारखाच एक बदली कामगार सकाळी पास घेऊन गिरणीच्या गेटवर उभा राहिला असता.

पुढे सुभेदारांनी मुंबईला बिऱ्हाड केले तेही गिरणगावातच, परळला. एका खोलीत सगळे कुटुंब. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील पहाटे दोनला उठवीत. 1907 साली मॅट्रिक झाले. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारशी घेतली. पुढच्या शिक्षणाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या राजाने बाबासाहेबांना 1913 साली अमेरिकेला पाठविले, त्याच राजाने 1890 साली बडोद्यास कलाभवन काढले होते, जिथे रंगकाम, विणकाम, सुतारकी, यंत्रकाम असे विषय शास्त्रशुद्ध शिकवीत. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी, डी.एस्सी. हे सगळे आपणांस ठाऊक आहे, त्यात आम्ही शिरत नाही.

1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, 1925 च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. आता 1928 साल घ्या. या सालात दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही आमच्या विषयाच्या आहेत.

पहिली गिरणीची. मुंबईच्या गिरण्यांचा तो मोठा संप. त्या काळी गिरणीत आपल्या माणसाला काम मिळे, पण कुठे? रिंग खात्यात, झाडूला, ओझी वाहायला. विणाई खात्यात, म्हणजे साच्यावर, अस्पृश्याला पाय ठेवता येत नसे. आणि चार पैसे जास्त तिथेच मिळायचे. कारण काय तर धोट्यातली कांडी संपली की नवी भरताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागणार. अस्पृश्याची थुंकी चालत नाही! म्हणजे बघा, आपल्या माणसाला साचा चालविण्याची अक्कल नव्हती असे नाही. त्याला शिकूच दिले नाही. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले की सगळ्या कामगारांच्या हक्काची भाषा तुम्ही बोलता, मग हा हक्क तुमच्या मागण्यांत का नाही? पुढाऱ्यांनी नाखुशीनेच तो विषय मालकांपुढे नेला, आणि मालकांनी हात वर केले, की बंदी आम्ही घातलेली नाही, ती कामगारांचीच आहे. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा ही बंदी राहिलेली नव्हती, पण आमच्या खात्यातले म्हातारे कामगार आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेले हे सगळे सांगत.

दुसरी गोष्ट स्टार्ट कमिटीची. मुंबई सरकारने 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यास स्टार्ट या गोऱ्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली, बाबासाहेब तिचे एक सभासद होते. 1930 साली अहवाल आला. त्यात हायस्कुलातल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे तर होतीच, पण कारखान्यांत शिकाऊ म्हणून जाणाऱ्या मुलांनाही शिष्यवृत्ती द्यावी असे होते. ज्या काळात आपल्या मुलाला वर्गाबाहेर बसवीत होते, त्या काळात त्याला वर्कशॉपमध्ये बसविण्याचा विचार चाललेला होता.

1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. त्याच्या जाहीरनाम्यात तांत्रिक शिक्षणाचा विस्तृत कार्यक्रम घातलेला आहे. 1937 च्या निवडणुकीत या पक्षाचे जे उमेदवार निवडून आले, त्यांत आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे पी. जे. रोहम होते.

आणि मग जुलै 1942. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. जो मुलगा गिरणीत कामाला लागण्यासाठी पिशवी चोरायला निघाला होता, त्याच्या हाताखाली आता देशभरच्या कामगारांचे खाते आले. महायुद्ध चालू होते. दारूगोळ्याच्या कारखान्यांना फिटर, टर्नर, वेल्डर हजारोंनी हवे होते, आणि माणसे तयार नव्हती. म्हणून 1940 सालापासून मजूर खात्यामार्फत तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रे चालू झाली होती. शिवाय इंग्लंडचे मजूरमंत्री बेव्हिन यांच्या नावाची एक योजना 1941 पासून होती. तिच्याखाली इथले तरुण कामगार निवडून विलायतेच्या कारखान्यांत काही महिने शिकायला धाडीत. हे सगळे बाबासाहेबांच्या ताब्यात आले.

29 ऑक्टोबर 1942 रोजी, म्हणजे खुर्चीवर बसून पुरते चार महिनेही झाले नव्हते, त्यांनी व्हाइसरॉयना एक लांबलचक निवेदन दिले. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखनाच्या दहाव्या खंडात ते आहे. आम्ही डिक्शनरी शेजारी ठेवून रविवारी रविवारी वाचले, पुष्कळ दिवस लागले. त्यातला शिक्षणाचा हिशोब असा आहे. आपली मुले बी.ए. होतात, वकील होतात, ते ठीक. पण पुढचा जमाना विज्ञानाचा आणि यंत्राचा. ते शिक्षण महाग, आणि आपल्या आईबापांना ते झेपणारे नाही. तेव्हा विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना या देशात शिकण्यासाठी दरसाल 2 लाख आणि परदेशी शिकण्यासाठी 1 लाख रुपये सरकारने द्यावेत. बनारस आणि अलीगडच्या विद्यापीठांना सरकार तिजोरीतून पैसे देतेच, मग आम्हांला का नाही, असा रोकडा सवाल. आणि केवळ कॉलेजच्या मुलांपुरते त्यांनी पाहिले नाही. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे हेही त्यात मागितलेले आहे. साहेबांनी रेल्वेच्या वर्कशॉपमधला कळकट डांगरी घातलेला पोरगासुद्धा नजरेआड केला नाही, हे आम्हांला फार मोठे वाटते.

या मागण्यांतून 1943 साली सरकारी नोकरीत 8.33 टक्के जागांचा हुकूम निघाला आणि 1944 पासून मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. काही मुले विलायत-अमेरिकेलाही गेली. ही भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणजे तीच, जिच्या फॉर्मवर आपल्या घरातल्या दोन-तीन पिढ्यांनी सह्या केल्या. फॉर्म भरताना ती कुणी आणली हे किती जणांना आठवते?

लढाई संपत आली तशी आणखी एक व्यवस्था झाली. नोकरी देणारा आणि नोकरी शोधणारा यांची गाठ घालणारी सेवायोजन कार्यालये निघाली, आणि जुलै 1945 मध्ये मजूर खात्यात पुनर्वसन व सेवायोजनाचे महासंचालनालय उभे राहिले. सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना धंदेशिक्षण द्यायचे, कामाला लावायचे, हे त्याचे काम. बाबासाहेब 1946 साली त्या खात्यातून बाहेर पडले, पण यंत्रणा राहिली. तिच्यातूनच स्वतंत्र भारताच्या सरकारने 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, आणि तिच्याखालीच आजच्या आय.टी.आय. चालतात. आय.टी.आय. एकट्या बाबासाहेबांनी काढल्या असे काही वक्ते स्टेजवरून ठोकून देतात, ते बरोबर नाही. पण ज्या पायावर त्या उभ्या राहिल्या तो पाया रचला जात असताना त्या खात्याचे मंत्री ते होते, हे कागदोपत्री खरे आहे. तेवढे पुरेसे आहे, जास्तीचे कशाला सांगायचे?

आता एक अडचणीचा प्रश्न. वस्तीत आम्ही पोराला आय.टी.आय.ला घाला म्हटले की काही जाणती माणसे रागावतात. म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबलो, आता पुन्हा हातकामच? बाबासाहेबांनी आपल्याला साहेब व्हायला सांगितले. हा राग खोटा नाही. मद्रासकडे 1953 साली राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस घरी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. न्हाव्याच्या पोराने न्हावीकाम, चांभाराच्या पोराने चामडे. लोक खवळले आणि 1954 साली ती गुंडाळावी लागली. बरोबरच झाले. पण बाबासाहेबांनी मागितले ते बापाचे काम नव्हते. जे काम बापाला शिकूच दिले नाही, ते मागितले. साच्याचे, लेथचे, विजेचे, छापखान्याचे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आणि कॉलेजकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. 8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कशासाठी, तर नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. 1950 ला औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय, आणि 1955 साली त्याच नागसेनवन परिसरात मिलिंद मल्टिपर्पज हायस्कूल. हे नाव नीट वाचा. मल्टिपर्पज म्हणजे बहुउद्देशीय. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने अशा शाळा सुचविल्या होत्या, की हायस्कुलातच मुलाला पुस्तकी विषयांबरोबर तांत्रिक, व्यापारी, शेतकीचे विषय घेता यावेत. आपल्या सोसायटीने तसे हायस्कूल लगोलग काढले. तब्येत ढासळलेली, पायांचे दुखणे, डोळ्यांचे दुखणे, बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे काम चाललेले, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्याच 1956 सालात आय.टी.आय.चा रोजचा कारभार केंद्राकडून राज्यांकडे आला. आणि त्याच सालापासून आपल्यावर एक पेच आला. बौद्ध झालो म्हणून केंद्र सरकारच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला 1990 साल उजाडावे लागले. राज्याने सवलती दिल्या होत्या, पण रेल्वे आणि दारूगोळ्याचे कारखाने केंद्राचे. म्हणजे ज्या वर्कशॉपचे दार साहेबांनी 1942 साली ठोठावले होते, तेच दार बौद्ध लिहिणाऱ्या पोरासाठी 34 वर्षे लोटलेले राहिले.

आता थोडे आमचे. आम्ही 1987 साली दहावी पास झालो. पाथर्डी तालुका तुम्हांला माहीतच आहे. दसरा झाला की ऊसतोडीला गाड्या निघतात आणि निम्मी वस्ती ओस पडते. आमचे आईवडील कोयत्यावर होते. आय.टी.आय. म्हणून काही असते हे आम्हांला कळले तोवर फॉर्मची तारीख उलटून गेली होती. सांगणारे कुणीच नव्हते. दोन वर्षांनी चुलत्याबरोबर मुंबईला जाऊन एका गिरणीत बदलीवर लागलो. रिंग फ्रेमवर सूत जोडण्यात वर्षे गेली. मशीन बिघडले की फिटर यायचा, आम्ही बाजूला उभे राहून पाहायचो. तो आमच्याच वयाचा, फरक एका सर्टिफिकेटाचा, आणि पगारात जवळजवळ दुपटीचा. गिरणी बंद पडली तेव्हा त्याला दुसरीकडे काम मिळाले. आम्ही गावी आलो, पुढे एका सूतगिरणीत लागलो, पुन्हा रिंग फ्रेमच.

आज पाथर्डीतच शासकीय आय.टी.आय. आहे. फॉर्मवर जोडारी, वीजतंत्री, संधाता, तारतंत्री असली नावे वाचून पोरे गोंधळतात. ते म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, वायरमन. मुलींनाही प्रवेश आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण गेल्या वर्षी एका भगिनीने आम्हांला तसे विचारले होते. फॉर्म आता कॉम्प्युटरवर भरतात आणि मुदत कमी असते. जातीचा दाखला वेळेवर निघत नाही आणि तिथेच गाडी अडते. म्हणून नववीतच दाखल्याला अर्ज टाकावा.

दहावीचा निकाल लागला की त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही दोघे-तिघे विहारातच बसणार आहोत. येताना गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन यावे. ज्यांचे आईवडील अजून फडावरून आलेले नसतील, त्यांनी एकट्याने आले तरी चालेल.