पळस पाहण्यासाठी सुट्टी

वडोदऱ्याच्या कीर्तिमंदिरात जाऊन ज्यांनी भिंतीवरील गंगावतरण पाहिले आहे, त्यांना नंदलाल बोस हे नाव नव्याने सांगावयास नको. १९३९ ते १९४६ या काळात ते पुनःपुन्हा येथे आले आणि गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा व महाभारतातील युद्ध अशी चार भिंतींवर चार चित्रे काढून गेले. परंतु हा थोर चित्रकार आयुष्यातील तीसेक वर्षे रोज वर्ग घेणारा मास्तर होता, याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. शांतिनिकेतनातील विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत. शाळेतल्या लहान मुलाला वसंत ऋतू कसा शिकवावा, याचा जो विचार या मास्तरांनी केला, तो आपल्या शाळांपर्यंत अद्याप नीटसा पोचलेला नाही.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारातील मुंगेर जिल्ह्यात, खडगपूर गावी झाला. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी हाताशी असेल त्या वस्तूंतून मुलासाठी बाहुल्या व खेळणी करीत. मुलगाही लहानपणीच मूर्ती घडविण्याच्या नादी लागला. पुढे कलकत्त्यास कॉलेजात घातले, पण तेथे काही जमले नाही. १९०५ मध्ये सरकारी चित्रशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांसारखा गुरू भेटला, आणि मार्ग सापडला. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या मंडळींबरोबर त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघच्या लेण्यांतही हेच काम केले. रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनात आणले, आणि १९२२ पासून १९५१ पर्यंत ते कलाभवनाचे प्रमुख होते.

शांतिनिकेतनात ऋतू हा वर्षाच्या कार्यक्रमाचाच भाग असे. फाल्गुनी पौर्णिमेच्या वसंतोत्सवात गाणे व नृत्य असे, आणि सजावट नंदबाबू व त्यांचे विद्यार्थी करीत. भपका नाही, महाग सामान नाही. माती, पाने, फुले, आणि जमिनीवर रेखलेली अल्पना. अल्पना म्हणजे बंगालची रांगोळी. फरक इतकाच, की ती तांदळाच्या ओल्या पिठाने बोटांनी काढतात. व्रतवैकल्यांच्या घरगुती अल्पनेत निपुण असलेल्या सुकुमारीदेवींना शिकविण्यासाठी शांतिनिकेतनात जागा मिळाली. पुढे नंदबाबूंच्या मुली गौरी आणि यमुना यांनी ही कला वाढविली. याच गौरीने १९२६ मध्ये रवींद्रनाथांच्या नटीर पूजा नाटकात नटीची भूमिका केली होती. बापाने ते नृत्य पुढे आपल्या कीर्तिमंदिराच्या भिंतीवर आणून ठेवले.

शिक्षणात कलेचे स्थान काय, यावर नंदबाबूंनी बंगालीत लिहिले. १९४४ च्या शिल्पकथा या छोट्या पुस्तकात ते विचार आहेत. तक्रार अशी, की विद्यापीठे कलेला चैन समजतात, आणि ज्याला परीक्षेत जागा नाही त्याला शाळेतही जागा राहत नाही. परिणाम काय? शिकलेल्या तरुणाची खोली अस्ताव्यस्त, आणि गरीब संथाळाची झोपडी सारवलेली, नेटकी. मग उपाय सांगतात. वर्गात चांगली चित्रे लावा. मुलांना संग्रहालयात न्या. निसर्गाचे ऋतूत्सव मुलांना प्रत्यक्ष दाखवा: शरदात भाताची शेते आणि कमळांची तळी, वसंतात फुललेले पळस आणि शिमूल, म्हणजे आपली सावर. त्यासाठी शाळेला सुट्टी द्या, मुलांना वेगळा पोशाख करू द्या, खेळ खेळू द्या. आणि वर्षातून एकदा असा कलोत्सव करा, की त्यात प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने केलेली काहीतरी वस्तू आणली पाहिजे.

प्रत्येक मुलाने, हे लक्षात घ्यावे. ज्याचा हात चांगला तेवढ्यानेच नव्हे.

आता आपल्या नेहमीच्या चित्रकलेच्या तासाकडे पाहा. गुरुजी फळ्यावर पाच पाकळ्यांचे फूल काढतात आणि चाळीस वह्यांत चाळीस फुले उमटतात. ते फूल कोणत्या झाडाचे, हे गुरुजींनाही सांगता येत नाही! गाणे शिकवणाऱ्याला हा रोग ओळखीचा आहे. मुलाने बहार कानांनी ऐकलेला नसतो आणि आपण त्याच्याकडून सरगम घोकून घेतो. ज्या मुलाने सावरीखाली उभे राहून पाहिले आहे, त्याला फांदीवर पान नसते आणि फूल मात्र असते, हे ठाऊक असते. पळसाच्या केशरी पाकळ्यांमागे काळसर मखमली देठ त्याने बोटाने चाचपलेला असतो. त्याचे चित्र वेडेवाकडे निघेल, पण ते त्याचे असेल. आपल्याकडे तर शिमग्यास पळसाची फुले भिजवून रंग करण्याची जुनी चाल आहे. तोच रंग कागदावर घ्यावयास काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, शांतिनिकेतनाभोवती माळरान होते, शहरातल्या शाळेने पळस कोठून आणावा? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. नंदबाबूंचा भर झाडाच्या दुर्मिळतेवर नसून जवळचे पाहण्यावर होता. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची शोभा त्यांनी खेड्यात मिळणाऱ्या बांबू वगैरे साध्या वस्तूंतूनच उभी केली. १९३० मध्ये रवींद्रनाथांच्या सहज पाठ या बालवाचनाला त्यांनी चित्रे दिली, ती नुसत्या काळ्या-पांढऱ्यात. तरी बंगाली मुलांच्या कित्येक पिढ्या त्या चित्रांसह अक्षरे शिकल्या. रंगपेटी नसली तर चालते, नजर हवी.

ते स्वतः साध्या कार्डांवर झाडे, माणसे, जनावरे टिपून घेत आणि तीच कार्डे विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना टपालाने धाडीत. १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १६ एप्रिल १९६६ रोजी, चैत्र महिन्यातच, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन वडोदऱ्याच्या ललितकला विद्याशाखेत येऊन दीड दशक झाले होते. विद्याशाखेच्या जत्रेसाठी ते विद्यार्थ्यांबरोबर खेळणी करीत, आणि मुलांसाठी चित्रांची पुस्तकेही त्यांनी केली.