झाक कुस्तो, बाबांचा कॉम्प्रेसर आणि आम्ही निवडलेलं बेट

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. मराठी विभागासाठी एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा विश्वेश्वरय्या आणि कलाम सर पहिल्याच दिवशी संपले. मी झाक-ईव्ह कुस्तो घेतला. रूममेटने विचारलं, हा कोण? आणि मांजरसुंब्याच्या मुलीचा समुद्राशी काय संबंध?

प्रश्न बरोबर आहे. आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. फाट्यावर ट्रक, ढाबे आणि आमचं पंक्चरचं दुकान. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. मला पोहता येत नाही. गावातली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायची, पण मला विहिरीच्या काठावरसुद्धा जायची बंदी होती. त्याचं कारण पुढे येईलच.

झालं असं की माझा आतेभाऊ ह्यूस्टनला असतो. त्याने टूम काढली की या वर्षी सगळ्या घराने कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या बेटावर भेटायचं आणि स्कूबा डायव्हिंग करायचं. त्याने तीन नावं पाठवली. कोझुमेल त्याला विमानाने जवळ, पण तिथे पाण्याला ओढ फार. ग्रँड केमनला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्टिंग रे मासे बघता येतात. बोनेअरला प्रवाळ इतकं किनाऱ्यालगत आहे की होडी लागत नाही, चालत पाण्यात शिरायचं. यातलं कुठलं बेट निवडायचं हे शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंजिनिअर होणारी मी एकटीच.

शोधायला बसले आणि प्रत्येक वाटेवर हा एकच माणूस भेटू लागला. १९७१ मध्ये तो आपलं जहाज घेऊन बेलीझच्या ब्लू होलला गेला आणि त्या निळ्या खड्ड्याचं नाव जगभर झालं. मग मी बेटं बाजूला ठेवली आणि त्यालाच वाचायला घेतलं.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समधल्या सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक या गावचा. तो नौदलात गेला, पण त्याला व्हायचं होतं वैमानिक. १९३६ मध्ये मोटारीचा भयंकर अपघात झाला, दोन्ही हात जायबंदी झाले आणि विमान सुटलं. हात सुधारावेत म्हणून तो समुद्रात पोहू लागला. फिलिप तायये या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून त्याने पाण्यात डोकं घातलं आणि पुढचं सगळं आयुष्य तिकडे वळलं.

अडचण होती श्वासाची. तेव्हाचे पाणबुडे तांब्याचं जड शिरस्त्राण घालायचे आणि वरून नळीने हवा यायची. म्हणजे खुंट्याला बांधलेली गाय. कुस्तोने शुद्ध ऑक्सिजनचं यंत्र वापरून पाहिलं, पण ठरावीक खोलीनंतर शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो. त्याला पाण्यात झटके आले, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा तो थोडक्यात वाचला.

इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स येतं. दर दहा मीटरला साधारण एक ॲटमॉस्फियर प्रेशर वाढतं. छातीवर बाहेरून जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा आतून मिळाली तरच माणूस श्वास घेऊ शकतो. शिवाय ती मागितली तेव्हाच मिळाली पाहिजे, नाहीतर टाकी पाच मिनिटांत रिकामी. महायुद्धाचा काळ होता. डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो पॅरिसला एमिल गान्यां या इंजिनिअरला भेटला. तो एअर लिक्विड कंपनीत होता आणि कुस्तोचे सासरे त्याच कंपनीचे संचालक. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून लोक मोटारी गॅसवर चालवत होते आणि त्या गॅससाठी गान्यांने एक छोटा व्हॉल्व्ह बनवला होता. तोच त्यांनी श्वासासाठी बदलून घेतला.

पहिली चाचणी मार्न नदीत झाली आणि फसली. आडवं पोहताना सगळं ठीक, पण उभं राहिलं की हवा फुकट वाहून जायची आणि डोकं खाली केलं की यायचीच बंद व्हायची. विचार करा, कारण काय असेल? हवा देणारा व्हॉल्व्ह एका उंचीवर आणि उच्छ्वास सोडणारी नळी दुसऱ्या उंचीवर होती. तेवढ्या वीतभर अंतराच्या दाबाचा तो फरक! दोन्ही शेजारी शेजारी आणल्यावर यंत्र चालू लागलं. आपल्या व्हायवाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा.

जून १९४३ मध्ये बांदोलजवळच्या समुद्रात कुस्तो पाठीवर टाक्या घेऊन उतरला. बायको सिमोन वरून चष्म्यातून लक्ष ठेवून होती. तो सरळ पोहला, उलटा झाला, गिरक्या घेतल्या, आणि हवा येत राहिली. यंत्राला नाव मिळालं ॲक्वालंग.

इथपर्यंत मी बाबांना फोनवर हौसेने सांगत होते. पुढचा भाग सांगितला आणि ते गप्प झाले.

ऑगस्ट १९४६ मध्ये कुस्तो आणि त्याचा मित्र फ्रेदेरिक द्युमा व्होक्लूज नावाच्या झऱ्यात उतरले. हा झरा म्हणजे डोंगराच्या पोटात जाणारी अथांग विहीरच. काठावर दोर धरून मोरिस फार्ग होता. खूप खोल गेल्यावर दोघांचं डोकं चालेना. द्युमा जवळजवळ बेशुद्ध झाला. कुस्तो दोर धरून वर यायला बघतोय आणि फार्गला वाटतंय की त्याला आणखी दोर हवाय, म्हणून तो सोडत राहिला! शेवटी वर ओढलं आणि दोघे वाचले. नंतर टाक्यांमधली हवा तपासली तर त्यात कार्बन मोनॉक्साइड निघाला. टाक्या भरणारा कॉम्प्रेसर आपल्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता.

आता ते कारण. माझ्या जन्माआधी, एका दुष्काळात, आमच्या विहिरीचं पाणी फार खाली गेलं. पंप फार खोलून पाणी ओढू शकत नाही, सक्शनला मर्यादा असते हे आपण शिकतो. म्हणून डिझेल इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं होतं. ते बंद पडलं म्हणून बाबांचा धाकटा भाऊ बघायला उतरला आणि वर आला नाही. घरात नेहमी एवढंच म्हणतात, काका विहिरीत गेला. मला कायम वाटायचं बुडाला. त्या रात्री बाबांनी फोनवर पहिल्यांदा सांगितलं की पाणी गुडघाभर होतं. काका धुराने गेला. इतकी वर्षं आमचं घर पाण्याला घाबरत होतं आणि दोष हवेचा होता.

कुस्तोची गोष्ट तिथे गोड होत नाही. दोर ओढणारा फार्ग दुसऱ्याच वर्षी, १९४७ मध्ये, खोलीची चाचणी करताना गेला. १२० मीटरवर खुणेच्या पाटीवर त्याने सही केली होती, पण तो जिवंत वर आला नाही. नुसती हवा घेऊन किती खोल जावं याला मर्यादा आहे, हे त्या एका जिवाच्या किमतीवर कळलं.

पुढचा कुस्तो अनेकांना माहीत आहे. १९५० मध्ये त्याला कॅलिप्सो हे जुनं सुरुंग काढणारं जहाज वर्षाला एक फ्रँक भाड्याने मिळालं. त्याच्या सायलेंट वर्ल्ड या सिनेमाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, नंतर ऑस्करही. पण त्याच सिनेमात त्याची माणसं मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावतात आणि शार्क मारतात. आज बघवत नाही. हाच माणूस १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याविरुद्ध उभा राहिला आणि शेवटपर्यंत समुद्र वाचवा म्हणत फिरला. माणूस बदलू शकतो, याचं मला हे उदाहरण पटतं. १९७९ मध्ये त्याचा धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. २५ जून १९९७ ला कुस्तो पॅरिसमध्ये वारला, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता.

आता बेटाचं काय झालं? बाबांनी ते तीन ओळींत मिटवलं. ते म्हणाले, पाणी किती निळं हे मला सांगू नकोस. टाकीत हवा कोण भरतो आणि दोर कोण धरतो ते सांग. ते मला बोनेअरचं घरबसल्या सांगता येईना. आजीचा पासपोर्टही नव्हता. मग आम्ही मालवण ठरवलं. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेट निवडून सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच किल्ल्याच्या आसपास आज डायव्हिंग चालतं. पोहता न येणाऱ्यांना प्रशिक्षक हात धरून थोड्याच खोलीपर्यंत नेतो. पाणी कॅरिबियनइतकं नितळ नाही, पावसाळ्यात तर सगळं बंदच असतं. पण थंडीत बरंच स्वच्छ असतं, आणि होडीवाल्याची भाषा आजीलाही कळते.

बाबांनी तिथल्या दोघांना स्वतः फोन लावला. कॉम्प्रेसर विजेवरचा की डिझेलवरचा, हवा कुठून ओढतो, फिल्टर कधी बदलला? पहिल्याने वैतागून फोन ठेवला. दुसरा आधी हसला, मग बाबांचं दुकान कसलं आहे ते विचारलं, आणि संध्याकाळी कॉम्प्रेसरचे चार फोटो पाठवले. दोघांचं फोनवर अर्धा तास ऑइल आणि फिल्टरवर चाललं होतं.

आतेभाऊ डिसेंबरात येतोय. आईने अजून हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायचंही सोडलंय. बाबा पाण्यात उतरणार नाहीत, होडीत बसणार आहेत. त्यासाठी फाट्यावरचं दुकान चार दिवस बंद राहील. माझ्या आठवणीत ही पहिलीच वेळ.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी