डॉ. होमी भाभा आणि देशी गणकयंत्र

मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात दि. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी होमी जहांगीर भाभा यांचा जन्म झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत. घरी निवडक ग्रंथांचा मोठा संग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही होत्या. त्यामुळे होमींना वाचनाची, संगीताची आणि चित्रकलेची गोडी बालपणीच लागली. त्यांनी काढलेली चित्रे आजही जाणकार आवडीने पाहतात.

शालेय व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईस आटोपून १९२७ साली ते इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेले. मुलाने इंजिनियर व्हावे आणि जमशेदपूर येथील टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर काम करावे, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा होती. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे व गणिताकडे ओढ घेत होते. त्यांनी वडिलांस पत्र लिहून आपला ओढा नम्रपणे, पण स्पष्टपणे कळविला. वडीलही मोठे समंजस. इंजिनियरिंगची परीक्षा अगोदर पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावी, मग गणिताच्या अभ्यासाची सोय करू, असे त्यांनी ठरविले. होमींनी १९३० साली ती अट पुरी केली आणि पुढे गणिताच्या परीक्षेतही पहिला वर्ग मिळविला.

अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिवेगवान कणांचा वर्षाव होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. असा एक कण हवेवर आदळला की त्यातून नवे कण निर्माण होतात, त्यांतून आणखी नवे, आणि पाहता पाहता त्यांची सर पडते. ज्वारीच्या एका दाण्यापासून कणीस, कणसापासून पुन्हा शेत, असाच काहीसा हा प्रकार. मात्र तो क्षणाच्या अत्यल्प अंशात घडून येतो. या सरीचे गणित भाभा आणि हाइट्लर या दोघांनी १९३७ साली मांडले. या व अशाच संशोधनामुळे १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, भाभांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली.

१९३९ साली ते सुटीसाठी स्वदेशी आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परत जाणे राहून गेले. त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत काम धरले. तेथे त्यांच्या मनाने घेतले की, उच्च संशोधनासाठी आपल्या माणसांनी परदेशाची वाट का धरावी? तशी संस्था आपल्याच देशात का असू नये? मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीकडे पत्र पाठवून अशा संस्थेची योजना मांडली. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. प्रारंभ बंगळूरास झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यात आली.

संस्था चालविण्याची भाभांची रीत जगावेगळी होती. सामान्यतः इमारत बांधतात, खाती ठरवितात, खुर्च्या मांडतात आणि मग त्या खुर्च्यांवर बसण्यास माणसे शोधतात. भाभा उलट करीत. बुद्धिमान माणूस दिसला की त्याला ते आपल्याकडे बोलावीत आणि त्याच्या भोवती त्या विषयाचे काम वाढू देत. आपल्या खानदेशाला ही रीत अगदीच अनोळखी नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे एक जुना शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे व त्यास १२०७ साली दान मिळाल्याचे त्यात नमूद आहे. (हे चांगदेव म्हणजे मुक्ताईनगरजवळच्या तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव महाराज नव्हेत, नावाच्या सारखेपणामुळे विद्यार्थी नेहमी घोटाळा करतात.)

मुंबईच्या या संस्थेत अणूच्या व विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. हाताने फिरविण्याच्या यंत्रांवर ती करता करता आठवडेच्या आठवडे जात. त्या काळी अमेरिकेत व इंग्लंडात विजेवर चालणारी मोठी गणकयंत्रे नुकतीच तयार होऊ लागली होती. आज आपण ज्याला संगणक म्हणतो, त्याचेच ते पूर्वज होत. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली असे एक यंत्र इंग्लंडहून आणविले. मुंबईत मात्र वेगळाच विचार निघाला. यंत्र विकत न आणता ते आपणच का बांधू नये?

हा विचार त्या काळी किती धाडसाचा होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. देशातील इलेक्ट्रॉनिक उद्योग अगदी बाल्यावस्थेत होता. जे तरुण या कामास लागले, त्यांतील बहुतेकांनी गणकयंत्र बांधणे तर दूरच, वापरलेलेही नव्हते. अमेरिकेत गणिताचे उच्च शिक्षण घेतलेले रंगस्वामी नरसिंहन हे २८ वर्षांचे गृहस्थ १९५४ साली संस्थेत आले होते. त्यांच्याकडे व त्यांच्या सहकाऱ्यांकडे हे काम आले. अनुभव नाही म्हणून काम नाही, असा न्याय भाभांनी लावला असता, तर अनुभव कधीच आला नसता. नवख्यांवर एवढा पैसा खर्च करणे योग्य का, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. पण उत्तर देण्याची जबाबदारी भाभांनी आपल्या शिरावर घेतली.

प्रथम एक लहान नमुना यंत्र बांधून पाहिले. ते १९५६ साली चालू झाले. मग मोठ्या यंत्राची उभारणी सुरू झाली आणि १९६० साली ते कामास लागले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. उत्तरे आकृतीच्या रूपाने पाहता यावीत, म्हणून त्यास एक पडदाही जोडलेला होता. जानेवारी १९६२ मध्ये कुलाबा येथील संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते झाले. त्याच सुमारास त्यांनी या यंत्राचे टिफ्रॅक असे नामकरण केले.

यंत्र तयार झाले, म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. त्याला काम सांगण्याची विद्या निराळी. तिला आज्ञावली लिहिणे म्हणतात. ही विद्या समजण्यास आपले भरीत उपयोगी पडेल. आईने थोरल्या बहिणीस भरीत करावयास सांगितले की तेवढ्याने भागते. पण ज्यास वांगे ठाऊक नाही, विस्तव ठाऊक नाही, आणि जो स्वतःहून काडीही हलवीत नाही, अशा गड्यास तेच काम सांगावयाचे झाल्यास? वांगे विस्तवावर ठेव; थोड्या वेळाने दाबून पाहा; मऊ झाले नसल्यास बाजू पालट व पुन्हा दाबून पाहा; मऊ झाले असल्यास उतरव, साल काढ, ठेच; मग मिरची, लसूण व पातीचा कांदा घाल. एक पायरी गळली तर सालीसकट भरीत पानात येईल, आणि दोष गड्याचा नसेल! गणकयंत्र हा असाच गडी आहे. टिफ्रॅकसाठी सूचना लिहावयास अनेक विद्यापीठांतील व संस्थांतील संशोधक शिकले. आपल्या देशातील कित्येकांना या विद्येचा पहिला पाठ येथेच मिळाला.

खरे सांगावयाचे तर टिफ्रॅक पूर्ण होईतो जग पुढे गेले होते. निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेत होते. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हे पुष्कळ पटींनी वेगवान अमेरिकी यंत्र आले आणि थोड्याच काळात टिफ्रॅकला विश्रांती मिळाली. एवढा खटाटोप व्यर्थ गेला, असे कोणी म्हणेल. परंतु नवे यंत्र हाताळण्यास माणसे तयार होती, ती जुन्या यंत्रामुळेच.

याच सुमारास नरसिंहन यांनी एक विलक्षण कल्पना पुढे आणली. १९६१ साली ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले होते. तेथे सूक्ष्म कणांच्या मार्गांची असंख्य छायाचित्रे तपासण्याचा प्रश्न होता. वाक्याला जसे व्याकरण असते, तसे चित्रालाही असू शकेल, असे त्यांच्या मनात आले. अक्षरांचे शब्द होतात व शब्दांचे वाक्य होते. तद्वत बिंदूंच्या रेषा होतात आणि रेषांची आकृती होते. ते नियम यंत्रास सांगितले, तर यंत्र चित्र वाचू लागेल! गणकयंत्र म्हणजे केवळ बेरजा-गुणाकारांचे साधन, अशी समजूत असलेल्या काळात हा विचार होता. नरसिंहन परत आले तेव्हा मुंबईच्या संस्थेत या विचाराला घर मिळाले. १९६५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

अणुशक्ती आयोगाचे अध्यक्षपद भाभांकडे १९४८ पासून होते. तुर्भे येथील अप्सरा ही अणुभट्टी १९५६ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाली. त्यांचे अणुशक्तीचे कार्य सर्वांस ठाऊक आहे, म्हणून येथे विस्ताराने सांगत नाही. इतक्या व्यापातही १९६३ साली सरकारने इलेक्ट्रॉनिक्सविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. देशात कोणती यंत्रे घडवावीत आणि गणकयंत्रे किती लागतील, याचा विचार ही समिती करीत होती.

दि. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा विमानाने युरोपात जात असता आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ ते विमान कोसळले आणि त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.