नील्स बोलिन: एका हाताने लागणारा सीटबेल्ट बनवणारा इंजिनिअर

सीटबेल्टची बीप बंद करायला एक नकली क्लिप मिळते, माहीत असेलच. मीही घेतली होती. बाबा बेल्ट लावायचे नाहीत, रोजची कटकट नको म्हणून. मग नील्स बोलिन यांच्याबद्दल वाचलं आणि ती क्लिप कचऱ्यात गेली.

विमानातून गाडीत

बोलिन यांचा जन्म १९२० चा, स्वीडनमधला. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. साब कंपनीत ते लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचे, म्हणजे पायलटला सीटसकट विमानाबाहेर फेकणारी यंत्रणा. इतक्या जोराच्या झटक्यात शरीर कसं धरून ठेवायचं, हाच त्यांचा विषय. १९५८ मध्ये व्होल्वोने त्यांना सेफ्टीच्या कामासाठी घेतलं.

तेव्हा गाडीत बेल्ट असलाच तर बहुतेक वेळा फक्त कमरेचा. धडक बसली की छाती-डोकं पुढे आपटायचं आणि पट्टा पोटात रुतायचा. पायलट चार-चार पट्टे बांधून घेतो, पण बाजारात निघालेला माणूस एवढा खटाटोप करणार नाही, हे बोलिन यांनी ओळखलं. बेल्ट एका हाताने, सेकंदात लागला पाहिजे.

त्यांचं उत्तर साधं होतं. छातीवरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा एकच, आणि बकल पोटावर नाही तर कमरेच्या बाजूला, खाली. पट्ट्याचा व्ही आकार होतो, टोक जमिनीकडे. धडकेचा भार मऊ पोटाऐवजी कमरेच्या आणि छातीच्या हाडांवर जातो. १९५९ मध्ये हा बेल्ट स्वीडनमधल्या गाड्यांत आला. व्होल्वोने पेटंट घेतलं, पण वापर सगळ्या कंपन्यांना खुला ठेवला. आपल्या भाषेत, ओपन सोर्स!

फीचर आहे, पण वापरतंय कोण?

लोक तरी बेल्ट लावेनात. मग १९६७ मध्ये बोलिन यांनी २८,००० अपघातांचा डेटा मांडला. बेल्ट न लावलेली माणसं ताशी २० किमीच्या आसपासच्या धडकेतही दगावली होती. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने बेल्ट लावणं सक्तीचं केलं. १९७५ मध्ये स्वीडननेही पुढच्या सीटसाठी कायदा केला. बोलिन २००२ मध्ये, ८२ व्या वर्षी गेले.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तरी तेवढाच. मागच्या सीटलाही सूट नाही.

बाळ मांडीवर सुरक्षित आहे असं वाटतं ना? हिशोब करा. ताशी ५० किमीवरची गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १० किलोचं बाळ धरायला साधारण २०० किलो उचलण्याइतका जोर लागतो. कुठल्याच आईबापाच्या हातात तो नसतो.

आता आमच्याकडे नियम एकच: सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही. बाबा अजून कुरकुरतात, पण लावतात. तुमच्या गाडीत ती क्लिप असेल तर आजच काढा.