एन्रिको फर्मी : न्यूट्रॉनच्या उगमाचा शोध

अणुयुगाचा पाया घालणारे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोम येथे झाला. १९२६ मध्ये ते रोम विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१९३४ मध्ये जोलिओ-क्युरी दाम्पत्याने अल्फा कणांच्या माऱ्याने कृत्रिम किरणोत्सर्ग घडवला. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो अणुकेंद्रकात अधिक सहज शिरेल, हे फर्मी यांनी हेरले. अडचण होती ती पुरेसे न्यूट्रॉन मिळवण्याची. पोलोनियम-बेरिलियमचा स्रोत दुबळा ठरला. अखेर रोममधील सार्वजनिक आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत असलेले ग्रॅमभर रेडियम मदतीस आले. त्यापासून निघणारा रेडॉन वायू बेरिलियमच्या भुकटीसह काचेच्या छोट्या नळीत बंद केला जाई. रेडॉनचे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की न्यूट्रॉन बाहेर पडत.

मात्र या नळीचे आयुष्य बेताचेच होते. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे. म्हणजे आठवड्याभरात न्यूट्रॉनची संख्या जवळपास चतुर्थांशावर येई, तर महिन्याने नळी निकामी होई. नळी किती दिवसांची आहे याचा हिशेब केल्यावाचून दोन दिवसांच्या नोंदींची तुलनाच शक्य नव्हती. दिलासा इतकाच की, रेडियममधून नवा रेडॉन सतत तयार होत असे. अशा अल्पायुषी नळ्यांच्या बळावर फर्मी व सहकाऱ्यांनी सुमारे ६० मूलद्रव्ये तपासली. त्यांपैकी सुमारे ४० किरणोत्सारी झाली. मंदगती न्यूट्रॉन अधिक परिणामकारक असतात, हा शोधही २२ ऑक्टोबर १९३४ रोजी लागला.

या कार्यासाठी १९३८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पत्नी लॉरा ज्यू असल्याने मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांची झळ घराला बसली होती. स्टॉकहोमला पारितोषिक स्वीकारून फर्मी कुटुंबीयांसह अमेरिकेस गेले. तेथील प्रयोगांत रेडियम-बेरिलियमचे स्रोत होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने स्रोत विझण्याची भीती उरली नाही.

त्यापुढचे पाऊल २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पडले. फर्मी यांच्या अणुभट्टीत युरेनियमच्या विखंडनातून सुटणारे न्यूट्रॉनच पुढील विखंडन घडवू लागले. क्षीण होत जाणाऱ्या स्रोतावरील अवलंबित्व संपले. पण अणुबॉम्बचा मार्गही त्यातूनच खुला झाला.

२८ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शंभराव्या मूलद्रव्याला त्यांच्या स्मरणार्थ फर्मियम हे नाव देण्यात आले. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचे अर्धायुष्यही जेमतेम १०० दिवसांचेच आहे.